निरोगी क्रमांक सात

ताई : ही रेषा बघ. सात मिनिटं झाली, मिलिमीटरभरही वर चढलेली नाही.

बंड्या : यंत्र बिघडलं असेल. आमच्या बसचा काटासुद्धा अधूनमधून शून्यावर झोपतो.

ताई : यंत्र ठीक आहे. तुझ्याआधी माझंच रक्त लावून पाहिलं. दोन मिनिटांत रेषा टोकाला.

बंड्या : तू लहानपणापासून पहिली. रक्तानं तरी मागं का राहावं?

ताई : चेष्टा पुरे. या नळीत तुझ्या प्लेटलेट्स आहेत. जखम झाली की एकमेकींना चिकटून रक्त थांबवतात, त्या. अ‍ॅलर्जीच्या दम्यात त्याच श्वासनलिकेत जाऊन आग भडकवतात का, हे मी चार वर्षं शोधतेय. त्यासाठी दम्याची तीस माणसं आणि ताडून बघायला निरोगी तीस.

बंड्या : त्यातला मी निरोगी क्रमांक सात. डेपोत सगळ्यांना सांगून झालंय.

ताई : हे द्रव्य टाकलं की निरोगी माणसाच्या प्लेटलेट्स चिकटायलाच हव्यात, रेषा चढायलाच हवी. तुझ्या दुसऱ्या द्रव्यांनी चिकटतात, या एकानं नाही. असं बहुतेक वेळा एकाच औषधानं होतं. अ‍ॅस्पिरिन घेतलंस?

बंड्या : हां, परवा डोकं ठणकत होतं. घेतली असेल एखादी.

ताई : फॉर्मवर लिहिलंय, दोन आठवडे कुठलीही गोळी नको. खाली तुझी सही आहे.

बंड्या : सही करताना कोण वाचतं?

ताई : तू वाचतोस. गाडी ताब्यात घेताना टायरचा नंबरसुद्धा वाचून मग सही करतोस, असं तूच मिरवतोस.

बंड्या : बरं बाई, चुकलं. नमुना टाकून दे.

ताई : तीन महिन्यांपूर्वीचा टाकलाच होता. तेव्हाही रेषा अशीच आडवी. मला वाटलं, रक्त काढणाऱ्या मुलीनं नळी जोरात हलवली. तिला नको तेवढं बोलले. ती एवढंच म्हणाली, ‘काकांना एकदा विचारा ना.’ मी विचारलं नाही. तेव्हाही डोकंच ठणकत होतं?

बंड्या : तू पोलिसात जायला हवी होतीस.

ताई : गेल्या महिन्यात दाढी करताना कापलं, तर तासभर कापूस धरून बसला होतास, तुझी बायको सांगत होती.

बंड्या : हिच्या तोंडात तीळ भिजत नाही.

ताई : तिला काही ठाऊक नाही, म्हणून तर हसत सांगितलं. खिशात काय आहे?

बंड्या : लवंगा.

ताई : लवंगा अशा वाजत नाहीत. काढ.

(तो एक लहान काचेची बाटली टेबलावर ठेवतो.)

ताई : ही छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची गोळी आहे. आणि अ‍ॅस्पिरिन रोज. कधीपासून?

बंड्या : पाच महिने. डॉक्टरनं विचारलं, काम काय करता. म्हटलं, डेपोत कारकून. तो म्हणाला, बरं झालं, तपासणी होईपर्यंत गाडीला हात लावू नका.

ताई : आणि तू रोज बेचाळीस माणसं घेऊन घाट उतरतोस.

बंड्या : एकदाही ब्रेक चुकलेला नाही.

ताई : चालवताना छातीत कधी दुखलं?

बंड्या : एकदा. वळणावर. गाडी बाजूला घेतली, म्हटलं टायर बघतो. चाकाशी वाकून गोळी ठेवली.

ताई : गाडीत कोण होतं?

बंड्या : शाळेची सहल. गात होती पोरं.

ताई : मग इथं रक्त द्यायला येत का राहिलास?

बंड्या : आलो नसतो तर तू विचारलं असतंस, का आला नाही. आणि वाटलं, ताई अ‍ॅलर्जीचं बघते, तिला काळजाचं कुठून दिसणार.

ताई : रक्त एकच असतं रे.

बंड्या : तीस वर्षं स्टिअरिंग धरलंय. ते काढून घेतलं तर हे हात ठेवू कुठं?

ताई : मला नाही माहीत. यादीतून सात नंबर मी आज काढतेय. त्या मुलीची माफीही आजच मागणार आहे. उद्या तुझी गाडी किती वाजता?

बंड्या : सहा.

ताई : तू डेपोत फोन केला नाहीस, तर मी करेन.

बंड्या : थांब. मीच करतो. ... हॅलो, साहेब, मी बोलतोय. उद्या सहाची गाडी दुसऱ्या कुणाला तरी द्या. ... नाही, सर्दी नाही. छातीत दुखतं. पाच महिने झाले.