कॅमेरा तेवढा सोडून

"कॅमेरा तेवढा सोडून सगळं चालतं!" कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात माझ्यापुढे उभ्या असलेल्या आजोबांचा तो खणखणीत आवाज इतक्या वर्षांनी अजून कानात आहे. शेजारी आजी, छातीशी जुना लॅपटॉप धरून.

"कंपनी म्हणाली, या जुन्या मशीनवर आमची नवी सिस्टिम चालायचीच नाही. मी चालवून दाखवली!"

"म्हाताऱ्या घोड्यावर नवं खोगीर चढवलंत, कौतुक आहे! पण परगावची लेक दर रविवारी विचारते, तुम्ही दोघं मला दिसत का नाही?"

"सांग तिला, नव्या सिस्टिमवर या कॅमेऱ्याला कंपनीची साथ नाही."

"अहो दुकानदार, तुम्हीच बघा बाई काहीतरी."

"सोपं आहे, आजी. हे सगळं पुसतो, जुनी सिस्टिम घालतो. कॅमेरा लगेच सुरू."

"पुसू नका हो! महिनाभर खपलोय मी त्याच्यावर."

"बघा! मशीनवर जीव, पोरीवर नाही."

"तसं नाही गं."

"मग कसं?"

"अगं, कॅमेरा पहिल्या दिवसापासून चालतोय. मीच बंद ठेवलाय. तिनं 'बाबा' म्हटलं की माझे डोळे भरून येतात. एवढ्या लांब बसलेल्या पोरीला ते कशाला दाखवायचं?"