कपाटाच्या काचेतले पाच जण

आत्या : थांब, पान सरकवू नकोस. तो फोटो परत दाखव.

भाची : ऑनलाइन अर्जावर अडतीस हजार चारशे सह्या झाल्यात आत्या, आणि तू फोटोत काय अडकलीस?

आत्या : तीस वर्षं स्टुडिओत लोकांच्या फोटोंतले डाग काढले मी. मला फोटोच दिसणार. हे मधले तुझे घड्याळजी ना?

भाची : हो. घरात चार शेजारी जमवून प्रार्थना केली म्हणून तिकडे त्यांच्या देशात पंचावन्न दिवस कोठडीत आहेत. त्याच बैठकीतला फोटो आहे हा. त्यांच्या बायकोने पाठवला.

आत्या : बाकीच्यांचे चेहरे तू पुसलेस.

भाची : एकूण एक. एवढी का मी वेडी आहे?

आत्या : मागचं कपाट मोठं करून बघ. त्याच्या काचेत.

भाची : पुस्तकं आहेत, आणि...

(ती फोटो आणखी मोठा करते.)

भाची : आई गं!

आत्या : पाच जण. समोरून पुसलेस, काचेत राहिले. तो टकलू तर थेट पासपोर्टला चालेल.

भाची : कोठडीत त्यांना रोज एकच विचारतात गं, घरी कोण कोण यायचं. पंचावन्न दिवसांत त्यांनी एक नाव सांगितलं नाही. आणि मी...

आत्या : रड नंतर. आधी फोटो बदल.

भाची : बदलता येत नाही. सह्या सुरू झाल्यावर फोटो काढायचा तर अर्ज बंदच करावा लागतो, आणि सह्याही जातात. गुरुवारी आपल्या खासदारबाई तो अर्ज त्या देशाच्या दूतावासात देणार आहेत. चाळीस हजार झाल्या तरच, म्हणाल्यात. आज सोमवार.

आत्या : बोटं चालवून कोणी सुटतं का, असं मीच हसले होते तुला. पेपरातल्या चार ओळी वाचून, ज्याला कधी पाहिलंही नाहीस त्याच्यासाठी एवढी माणसं जमवलीस. आता तुला बंद कर म्हणायला जीभ उचलत नाही माझी.

भाची : तू नकोच म्हणूस.

आत्या : मग त्याच्या बायकोला विचार. नवरा तिचा आहे.

भाची : म्हणूनच नाही विचारायचं. नवरा की ते पाच जण, हे तिने का ठरवायचं? हे बघ. केला बंद. पोस्टही काढली. आता फोन लावते, स्पीकरवर.

घड्याळजींची बायको : बोल गं पोरी.

भाची : ताई, माझ्या हातून मोठी चूक झाली. फोटोत कपाटाच्या काचेत पाच जणांचे चेहरे दिसत होते. अर्ज आत्ताच बंद केला. सह्या गेल्या. त्या पाच जणांना आजच्या आज सांगा, काही दिवस दुसरीकडे राहा म्हणावं. फोटो जिथे जिथे गेलाय तिथे एकेकाला लिहिते, पण सगळीकडून निघेलच असं नाही सांगू शकत.

घड्याळजींची बायको : किती दिवस होता?

भाची : बारा.

घड्याळजींची बायको : सांगते त्यांना. लगेच निघते.

भाची : रागवा तरी मला.

घड्याळजींची बायको : फोटो मी निवडला. ती काच रोज मी पुसते. मला तरी कुठे दिसलं? आणि ऐक, परवा पहिल्यांदा भेट मिळाली. त्यांना चष्मा परत दिलाय. पहारेकरी म्हणाला, बाहेर यांचं नाव फार जण घेतात. तोवर तो त्यांना नंबरने हाक मारायचा.

भाची : हे फोटोचं त्यांना कळलं तर?

घड्याळजींची बायको : मीच सांगेन. विचारतील, त्या पोरीने बंद कधी केला. मी म्हणेन, मला विचारायच्याही आधी.

आत्या : बाई, मी हिची आत्या. दुसरा फोटो असेल तर पाठवा. या खेपेला कोपरान् कोपरा मी बघेन.

घड्याळजींची बायको : लग्नातला आहे एक. अर्धी मी येते त्यात. मला कापून टाका.

आत्या : इतकी वर्षं लोक कोणाला कोणाला कापून मागायचे. स्वतःला कापा म्हणणारी तुम्ही पहिल्याच.

भाची : तीन दिवसांत सगळ्यांना पुन्हा गाठायचंय. ताई, नव्या अर्जात सुरुवातीला काय लिहू?

घड्याळजींची बायको : त्यांचं नाव लिही. बाकी कोणाचंच नको.