आमच्या खोलीतला कॅमेरा

माहेर माझं पैठणकडचं. लगीन झाल्यावर या शहरात आले, मालक लवकर गेले, एक पोरगं पदरात, मग औरंगपुऱ्यात खानावळ काढली. काय सांगू तुमाला, कॉलेजची पोरं यायची, मामी अजून एक पोळी, मामी जरा वरण, दम टाकायला सवड नसायची. त्या पोळ्यांवर पोरगं इंजिनेर झालं. आता ते पुण्याला, इथलं घर इकलं, आन् मला मुकुंदवाडीकडं या वृद्धाश्रमात ठिवलं. आई, तुला तिकडं करमणार नाय म्हणला. कुणाला कुणासंगं करमणार नाय ते मला कळतंय की. आईबापाला सांभाळायचा कायदा हाय म्हणत्यात, प्रांतसायबाकडं अर्ज केला की पोराला नोटीस जाती. जात आसंल. सरकारच्या धाकानं सून वाढंल ती पोळी गिळायची व्हय? हाड!

तर इथं अध्यक्ष म्हणून एक गडी हाय, कडक इस्त्रीचा. बोलायला लई गोड, आमाला सगळ्यांना माताजी म्हणायचा, आन् नाव एकीचं बी ठाऊक नाय. अनुदान टायमावर येत नाय, आश्रम चालतो देणगीदारावर, ते खरंय, मी कुठं नाय म्हणते? पण देणगीदाराला दाखवायला यानं कॅमेरे बसवले, फाटकावर, जेवायच्या जागी, आन् बायांच्या खोलीत बी. का रं बाबा? तर म्हणे तुमच्याच सुरक्षेसाठी, तुमच्या मुलांनी सह्या दिल्यात. सह्या पोरांच्या, अंग आमचं! कॅमेऱ्यातलं घरबसल्या मोबाईलात दिसायला लागल्यावर पोरगं यायचं बी बंद झालं. फोनवर म्हणायचा, आई, काल दुपारी लई येळ झोपलीस. आरं, आईवर नजर ठिवतोय का गोठ्यातल्या म्हशीवर? आमी म्हाताऱ्या बाया चादरीच्या आत लुगडं बदलायला शिकलो, काय शिकायचं वय हाय का हे?

पितृपंधरवडा आला की इथं गर्दी बगा. शहरात कावळा सापडंना, मग लोक आमच्यापुढं पान मांडत्यात. खीर, वडे, भजे, आन् मोबाईल वर करून फोटो. अमावस्येला गुलमंडीचा एक कापडवाला आला, मेलेल्या आईच्या नावानं बायांना साड्या घेऊन, संगं भाऊ, मेव्हणे, अख्खी वरात. म्हणला आत्ताच नेसून या, फोटो काढायचाय. गेल्या बिचाऱ्या खोलीत. घाईत चादर कोण धरतंय, आन् नव्या साडीचा आनंद बी व्हता, खोटं कशाला बोलू.

एक साडी कमी पडली म्हणून मी आफिसात सांगायला गेले, तर भिंतीवर टीव्ही, आन् टीव्हीत आमची खोली. आमची गंगाबाई, माझ्याहून थोर, नुसत्या परकरावर हुबी, साडीचं टोक हुडकतीय. आन् समोर खुर्च्यांवर ही बाप्ये मंडळी चहा पितीय, अध्यक्ष सांगतोय, बघा, आमचा कारभार कसा पारदर्शक! एका मेव्हण्यानं तेवढी मान खाली घातली. बाकीचे बिस्कीट बुडवून खात व्हते.

माझं टाळकंच फिरलं. बोर्डातून तार उपसली. कापडवाल्याला म्हणलं, आईच्या नावानं आलास ना रं, तिला बी आसंच बगितलं आसतंस का चहा पीत? खोलीत जाऊन बायांना सांगितलं, गंगाबाई, कुणाकुणाला दिसले गं मी, कुणाकुणाला, म्हणून लई रडली. साड्या घड्या घालून परत केल्या. फोटोत कुणी गेली नाय.

अध्यक्षानं पोराला फोन लावला, आईला घेऊन जा. पोरगं मला म्हणतं, आई, जुळवून घे ना जरा, म्हाताऱ्या माणसाकडं कोण बघतंय? मी फोन ठिवून दिला. मला जायला जागा नाय हे मला ठाऊक, अध्यक्षाला बी ठाऊक. भ्या वाटत व्हतं, नाय कशाला म्हणू. तरी समाजकल्याणच्या बाई तपासणीला आल्या तवा त्याच्या देखत सगळं बोलले. तो म्हणे मॅडम, मुलांची संमती आहे. बाई म्हणाल्या, या चांगल्या शुद्धीत आहेत, यांना विचारलं होतं का? कॅमेरा आजच काढा, नाहीतर अनुदानाचं मला लिहावं लागेल. अनुदानाचं नाव निघालं तशी शिडी आली. आमच्या लाजेपायी नाय आली, तेवढं ध्यानात घ्या.

आता आमी खोलीत मोकळं लुगडं नेसतो. गंगाबाई मात्र अजून चादर सोडंना, तिला कितीदा सांगितलं. अध्यक्ष मला सुलोचनाबाई म्हणतो, तोंड वाकडं करून म्हणतो, पण म्हणतो.

परवा पोराचा फोन आला. आई, तू आता दिसत नाहीस, काळजी वाटते. म्हणलं काळजी वाटती तर ये, पुण्याहून गाड्या काय कमी हायेत का? सुट्टी मिळाली की येतो म्हणला. आईच हाय मी, आशीर्वाद दिला. म्हणलं लई जग बाबा, माझ्याएवढा म्हातारा हो, आन् तुझी पोरं तुझ्यावाणीच निघू देत.