फळ्यावर सांगणाऱ्याचं नाव

आदरणीय अध्यक्ष हरिचंद्र गांगुर्डे गुरुजी, आजचे सत्कारमूर्ती गुरुदत्तराव पेठे, त्यांच्या पत्नी कुंदाताई, आणि पालेगाव नाक्यावरच्या माझ्या सर्व बंधू-भगिनींनो, जय भीम आणि नमस्कार. फौजदार साहेबांनाही आमंत्रण होतं. त्यांची खुर्ची रिकामी दिसते. काम निघालं असेल.

माझं शिक्षण सहावीपर्यंत. भाषण घरी दोनदा म्हणून पाहिलं आहे.

नाक्यावर फळा लावायचं वेड गुरुदत्तरावांचं. आठवतं ना? मुलं पळवणारी टोळी आली अशी आवई उठली आणि आपण एका भांडी विकणाऱ्या बाईला धरलं. गुरुदत्तराव ऑफिसातून येत होते, हातात डबा. ते गर्दीत शिरले आणि एकेकाला विचारत गेले, "तुम्ही स्वतः पाहिलं का?" कोणीच पाहिलं नव्हतं. बाई सुटली. पुढच्या रविवारी त्यांनी फळा टांगला आणि नियम घातला. चोरी असो, मारामारी असो, डोळ्यांनी पाहिलं तेवढंच इथे येईल आणि सांगणाऱ्याचं नाव खाली लिहिलं जाईल.

मला वाटलं, नाव कोण देणार? पण लोक देऊ लागले. पलीकडच्या सिंधी वस्तीतले, कॅम्प दोनचे एक शेठ स्कूटर थांबवून वाचायचे. "साईं, पेपर में तो कोई कुछ भी छापता है," म्हणायचे, "इधर नीचे आदमी का नाम है."

मग गेल्या वर्षी आपल्या शालनने नळावर एका बाईच्या गळ्यातली पोत ओढून पळणारा माणूस पाहिला. फळ्यापाशी मी होतो. ती म्हणाली, "भाऊ, आडनावासकट लिहा. या चाळीत तीन शालन आहेत, उगाच दुसरीला मान नको." सगळे हसले. फळा वाचून पोलिसांनी त्याला उचललं. तो जामिनावर सुटला आणि भरदुपारी सरळ फळ्यापुढे येऊन उभा राहिला. खालचं नाव मोठ्याने वाचलं. "ये बाई किधर रहती है?" असं विचारलं. "तिसऱ्या चाळीत, निळं दार," कोणीतरी सांगितलं. पाहुण्याला वाट दाखवावी तसं.

त्याचं नाव मी घेत नाही. दाराशी कोण उभं आहे ते मला इथून नीट दिसत नाही.

त्याने शालनला फरफटत नाक्यावर आणून मारलं. हात मोडला. नाका माणसांनी भरलेला होता. पुढच्या रविवारी फळ्याला कोणी नाव देईना. गुरुदत्तराव म्हणाले, "सगळ्या बातम्यांखाली माझं नाव घाला." तेव्हा आपल्यातल्याच एकाने विचारलं, "साहेब, तुम्ही स्वतः पाहिलं का?" नियम त्यांचाच. फळा कोरा राहिला. आता त्यांनी नाशिकला बदली मागून घेतली. कुंदाताई, तुम्हाला तरी झोप लागेल.

अध्यक्ष मला खुणावताहेत. एक मिनिट, गुरुजी. सोमवारी शालनच्या मारहाणीचा खटला आहे. तिच्याशिवाय एकही साक्षीदार नाही. मी त्या दुपारी दवाखान्यात होतो. तिथे असतो तर बोललो असतो का? छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. पण ज्यांनी पाहिलं ते या हॉलमध्ये बसले आहेत. कोणी नाव देईल का?

बरं. मागे कोणी उठलं असं वाटलं मला. खुर्ची सरकली होती.

गुरुदत्तराव, तब्येत सांभाळा. तिकडे फळा लावू नका. हॉल देणाऱ्या शाळेचे आणि चहा करणाऱ्या भगिनींचे आभार. शालनला आज येता आलं नाही, ती जांभूळ गावात भावाकडे असते, तिनेही नमस्कार... हे मी बोलायला नको होतं.

बोलण्यात कमीजास्त झालं तर पोटात घाला, असं शेवटी म्हणणार होतो. ही चूक मोठी झाली. सगळ्यांना हात जोडतो. ती कुठे असते असं कोणी विचारलं, तर माहीत नाही म्हणा.