थकवा निवारण समिती

प्लोव्हदिवच्या बालदवाखान्यात रालित्सा तापलेल्या लेकीला मांडीवर घेऊन बसली होती. उद्यापासून सेवासंस्थांना सल्ला देणाऱ्या कंपनीत रुजू व्हायचं होतं, आणि ताप काही उतरत नव्हता. मागच्या बाकावर दोघी आपल्या पोराला थोपटत बोलत होत्या.

“ऑफिसात सोमवारी गोल बसून मन मोकळं करायचं असतं ना, तिथे मी म्हणाले, थकलेय.”

“अगं बये, खरं कशाला बोललीस?”

“मॅडमनी मिठी मारली, डोळे पुसले आणि मला थकवा निवारण समितीची प्रमुख केलं.”

“बैठका कधी?”

“रविवारी! एरवी कामं असतात ना.”

“मदतीला कोणी?”

“उद्या नवी येतेय, रालित्सा दोब्रेवा. पोर लहान आहे, नोकरी सोडून जाते कुठे, असं मॅडमच म्हणाल्या.”

तेवढ्यात नर्सनं हाक मारली, “रालित्सा दोब्रेवा, बाळाला आणा!”



लेकीला खांद्यावर टाकत रालित्सा उठली आणि दोघींकडे वळली. “मॅडमना सांगा, नवी यायच्या आधीच थकली.”