कोऱ्या वहीचं शून्य

आजी: आपली पाळी येईपर्यंत सराव करू. डोळ्यांसमोर आण. तू मोठी साहेब आहेस. खुर्ची उंच, चष्मा नाकावर, आणि मी अपील घेऊन तुझ्यापुढे उभी आहे. हं, विचार.

नात: काय हवंय?

आजी: असं वसकन अंगावर येऊ नकोस. साहेब लोक आधी कागद चाळतात.

नात: चाळले. समुद्रापलीकडच्या देशात विमानं न्यायला सरकारने तीन कंपन्या निवडल्या, तुमची वगळली. रुसलात?

आजी: रुसून कसं चालेल, साहेब? आमची मेली दोनच विमानं, बेटावर जाणारी. आता तिथे पूल झाला, लोक गाडीने जातात. हा मार्ग मिळाला नाही तर विमानं विकावी लागतील.

नात: लाल शेपटीचंसुद्धा?

आजी: साहेब असं विचारत नाहीत.

नात: मी विचारतेय.

आजी: तेसुद्धा.

(दार उघडतं. अधिकारी फाइल घेऊन व्हरांड्यातल्या बाकापाशी येतात.)

अधिकारी: बाई, तुमचं अपील वाचलं. विमानं उत्तम, चालवणाऱ्या तुम्हीही उत्तम. पण ‘तक्रारींचे निवारण’ या रकान्यात शून्य गुण. तिथेच घोडं अडलं.

आजी: अहो, अकरा वर्षांत एक तक्रार नाही आमच्याविरुद्ध. तक्रारवही कोरी आहे.

अधिकारी: तेच तर. तक्रार नाही, म्हणून निवारण नाही, म्हणून गुण नाहीत. दुसऱ्या कंपनीने चार हजार तक्रारी मिटवल्या. पैकीच्या पैकी.

आजी: म्हणजे मी लोकांच्या बॅगा हरवायला हव्या होत्या?

अधिकारी: मी कशाला म्हणू? नियम म्हणतो. आज पाचपर्यंत एक जरी तक्रार येऊन मिटली, तर तुमचे गुण पुरे होतात.

आजी: खोटी तक्रार मी आणणार नाही.

नात: काका, खरी चालेल?

अधिकारी: तू प्रवासी आहेस?

नात: रविवारीच बेटावर गेले होते. अर्धं तिकीट काढून.

आजी: अगं, तुला कसला त्रास? खिडकी दिली होती की.

नात: विमान उतरवताना तू गातेस. माइक चालू ठेवून.

आजी: लोक टाळ्या वाजवतात त्याला.

नात: सुटलो म्हणून वाजवतात. तुला कोणी सांगत नाही.

अधिकारी: खरं आहे, बाई. मीही होतो एकदा.

आजी: मग तेव्हा तक्रार का नाही केलीत?

अधिकारी: जमिनीला पाय लागल्यावर इतकं बरं वाटलं, की राहूनच गेलं.

आजी: आणि आता निवारण म्हणजे?

अधिकारी: यापुढे माइकवर गाणार नाही, असं लेखी द्यायचं.

आजी: अकरा वर्षांची सवय आहे हो.

नात: आजी, लाल शेपटी.

आजी: आण ते पेन.

अधिकारी: छान. आता तक्रारदाराने इथे सही करायची. वर शेरा लिहायला जागा आहे, काही लिहायचं असेल तर.

नात: लिहिते. ‘माइक बंद ठेवून गायला हरकत नाही. तक्रारदार आजीच्या अगदी मागच्या सीटवर बसेल.’