गळ्यातला टाक

नूपुर : तेव्हा तुम्हीच म्हणालात, असू दे. पाटल्या, तोडे, चपलाहार, सगळं मी गार्डन रीचला तुमच्या घरी येऊन तुमच्या हातात दिलं होतं. टाकही त्याच डबीत होता. तुम्ही तेवढा बाजूला काढलात आणि माझ्या मुठीत परत कोंबलात.

कालिंदी : कोंबला. मी कुठे नाही म्हणतेय? पण तेव्हा घटस्फोटाची शाई वाळली नव्हती. अजेय पुन्हा लग्नाला उभा राहील असं मनातही नव्हतं माझ्या.

नूपुर : म्हणजे आता तो लीनाला द्यायचाय.

कालिंदी : आमच्याकडे भवानीचा हा टाक थोरल्या सुनेच्या गळ्यात असतो. देव्हाऱ्यातले टाक वेगळे, हा वेगळा. माझ्या सासूबाईंनी मला घातला, मी तुला घातला. पुढच्या महिन्यात नागपूरला लग्न, आणि तिथून सगळे तुळजापूरला. टाक देवीच्या पायाला लावायचा आणि लीनाच्या गळ्यात घालायचा, असं तुझ्या सासऱ्यांनी... अजेयच्या बाबांनी ठरवून टाकलंय.

नूपुर : सासरे म्हणा. मला चालतं. चहा ठेवू?

कालिंदी : आधी पाणी दे. टॅक्सीत बसून बसून पाठ धरली. हे न्यू टाउन काही संपतच नाही, नुसते सरळ रस्ते.

नूपुर : घ्या. आई, टाक द्यायला माझी हरकत नाही. पण तो माझ्याकडे नाही.

कालिंदी : म्हणजे? मोडलास?

नूपुर : मी मोडीन?

कालिंदी : नाही मोडणार. तोंडातून गेलं. मग कुठे आहे?

नूपुर : सानिकाच्या गळ्यात. तुमच्याकडून परत आणला त्या दिवशी तो कपाटात ठेवत होते. ती बघत होती. म्हणाली, मग आता हा कोण घालणार? मी आपला तिच्या गळ्यात अडकवला. म्हटलं, दोन दिवसांनी कंटाळेल. तिने तो काढलाच नाही. शाळेत दागिने चालत नाहीत, तर युनिफॉर्मच्या आत शमीजला सेफ्टी पिनने लावून नेते.

कालिंदी : हे अजेयला माहीत असणारच. तो म्हणाला, सानिकाशी मी बोललोय, ती हो म्हणाली.

नूपुर : कधी बोलला?

कालिंदी : मागच्या रविवारी. फिरायला घेऊन गेला होता ना तिला.

नूपुर : माझ्यापाशी काही बोलली नाही ती. आत अभ्यास करतेय, तिलाच विचारा. मी तिच्याकडे मागणार नाही. बाकी तुम्ही सांगाल ते करीन, हे एवढं माझ्याच्याने होणार नाही.

कालिंदी : बोलाव तिला.

नूपुर : सानिका, बाहेर ये गं. आजी आलीय.

सानिका : आजी, तू कधी आली? मला कोणी बोललंच नाही. आजोबा कुठे?

कालिंदी : त्यांचा गुडघा धरलाय, जिना उतरवत नाही. इकडे ये, बस माझ्याजवळ. केवढी उंच झालीस. सानू, तुला एक विचारायचंय. तुझ्या गळ्यातल्या टाकाबद्दल बाबा तुझ्याशी काही बोलला का?

सानिका : ह्याच्याबद्दल? नाही.

कालिंदी : आठवून सांग. रविवारी.

सानिका : रविवारी आम्ही लॉन्चमधून गंगा क्रॉस केली, परत आलो, मग फुचका खाल्ला, तुमची पाणीपुरी. बाबा बोलले की लीना आंटीला पेंटिंग आवडते, माझ्यासारखं. बस.

कालिंदी : टाकाचं काहीच नाही?

सानिका : फुचका खाताना माझ्या गळ्याकडे बघितलं. बोलले, अजून घालतेस का हे? मी बोलली हो.

कालिंदी : मग?

सानिका : मग बोलले, छान.

नूपुर : झालं. हेच त्याचं बोलणं.

कालिंदी : तू थांब जरा, नूपुर.

सानिका : काय झालं? लीना आंटीला हा पाहिजे?

कालिंदी : तिने मागितला नाही. आपल्याकडे तशी रीत आहे, बाळा. घरात सून आली की तिच्या गळ्यात घालतात. आधी मी घालायचे, मग तुझी आई. आता ती येणार.

सानिका : मग घे.

(सानिका गळ्यातली साखळी काढते आणि आजीच्या तळहातावर ठेवते.)

कालिंदी : अगं, रागावलीस?

सानिका : नाही. तुमच्या घरची ठाकूर आहे ना ती, देवी. मम्मा आता त्या घरची नाही. मी पण फक्त सुट्टीला असते तिकडे.

कालिंदी : असं कोण म्हणालं तुला?

सानिका : कोणी नाही. मला माहीत आहे.

नूपुर : सानू, तू आत जा हवं तर.

सानिका : नको. मी इथेच बसते.

कालिंदी : बसू दे तिला. नूपुर, ही कडी नवीन दिसतेय.

नूपुर : जुनी झिजून तुटली होती. बहूबाजारात एका सोनाराकडे लावून घेतली. चांगला माणूस होता. फक्त एक म्हणाला, की इथे कडेला ठसा नीट उठलेला नाही, गुठळी राहिलीय, घासून साफ करून देतो. मी म्हटलं, राहू दे.

कालिंदी : बरं झालं राहू दिलीस. ती गुठळी नाही.

सानिका : मला वाटायचं तो गणेश आहे. आमच्या कॉम्प्लेक्सच्या पूजामध्ये मा दुर्गाची चार मुलं असतात ना, लक्ष्मी, सरस्वती, कार्तिक, गणेश. इथे एकच आला, आणि त्याचं पण तोंड पुसून गेलं.

कालिंदी : आपली भवानी मुलांना घेऊन येत नाही. ती एकटी असते. हे बघ, आठ हात. ह्या हातात त्रिशूळ, खाली महिषासुर, इकडे तिचा सिंह. आणि ही जी तुझी गुठळी आहे ना, ती एक बाई आहे. उलटी, डोकं खाली आणि पाय वर. तपाला बसलीय. अनुभूती नाव तिचं.

सानिका : डोकं खाली का?

कालिंदी : कठीण तप करायचं म्हणून. तिचा नवरा कर्दम ऋषी, तो वारला. पदरात तान्हं मूल. मूल आश्रमात ठेवलं आणि नदीकाठी तपाला बसली. तिथे कुकुर नावाचा दैत्य आला आणि तिच्या अंगावर हात टाकायला गेला. तिने देवीला हाक मारली. देवी अशी धावत आली की तिचं नावच त्वरिता पडलं. त्वरिताची तुरजा झाली आणि तुरजाची तुळजा.

सानिका : आणि बाळ? बाळाचं काय झालं?

कालिंदी : पोथीत तेवढं नाही. मोठं झालं असेल.

नूपुर : हे तुम्ही मला कधीच सांगितलं नाहीत. इतकी वर्षं गळ्यात होता माझ्या.

कालिंदी : तू विचारलं नाहीस. आणि खरं सांगू का, मंगळवारी पोथी वाचायचे तेव्हा मलाही ती नुसती गोष्टच वाटायची. नवरा गेलेली बाई, तिचं मूल. त्यात माझं काय होतं?

नूपुर : चहा ठेवते मी.

कालिंदी : ठेव. आणि माझ्या पर्समधला फोन दे इकडे.

नूपुर : कोणाला करताय?

कालिंदी : अजेयला. सानू, जरा गप्प बस हं. ...हॅलो, अजेय. हो, पोचले कधीच. नूपुरकडेच आहे. पाहिला टाक. नाही, घेऊन येत नाहीये. ऐक आधी. तू मला म्हणालास, सानिकाशी बोललोय. काय बोललास? ...फुचका खाताना? ...अरे, छान म्हणणं म्हणजे विचारणं नव्हे. ...नाही, नूपुर काही म्हणाली नाही. ती द्यायलाच निघाली होती, आणि पोरीने तर गळ्यातून काढून माझ्या हातावर ठेवला. मीच घेत नाहीये. ...लीनाला नवा करायचा. ...तुझ्या बाबांना मी बघते. नव्यात देवपण कुठलं म्हणतील, तर जुनाही कधीतरी कोणीतरी नवा घडवलाच होता ना? तुळजापूरला पायाला लागला की झाला. ...रीत मला शिकवू नकोस, रीत मी गळ्यात बाळगलीय, तू नाही. संध्याकाळी येते. हो. ठेव.

नूपुर : चिडला?

कालिंदी : चिडला नाही. गोंधळला. लहानपणापासून तसाच आहे, अवघड काही बोलायचं आलं की त्याला वाटतं आपलं बोलून झालंय.

नूपुर : आई, पण हे नको. मला बरं नाही वाटत. लीनाला वाटेल, पहिलीने अडवून ठेवला. नागपूरला सगळे तेच म्हणतील. तुम्ही घेऊन जा. सानिका चार दिवस हिरमुसेल, मग विसरेल.

सानिका : मी विसरणार नाही. पण रडणार पण नाही.

कालिंदी : ऐकलंस? सानू, पुढे हो. मान वाकव. केस बाजूला घे.

सानिका : परत देते?

कालिंदी : परत देते. आणि एक लक्षात ठेव. तू सुट्टीला येतेस म्हणून सुट्टीपुरती नाहीस त्या घरची. तुझी आई माझी सून होती, आता नाही, ते त्या दोघांचं त्या दोघांनी ठरवलं. तुझं कोणी काही ठरवलेलं नाही.

सानिका : ठीक आहे.

कालिंदी : नूपुर, तो सोनार आज उघडा असेल?

नूपुर : शनिवार आहे, असणार. का?

कालिंदी : चल मग माझ्याबरोबर. चहा घेऊ आणि निघू. नागपूरला करायला टाकला तर वेळेत हातात पडायचा नाही. इथे मला बंगाली धड येत नाही, आणि मी भवानी म्हटलं की तो आपला दहा हात करून ठेवील.

नूपुर : आणि पायाशी चारही मुलं.

कालिंदी : आणि अनुभूतीला गुठळी म्हणून घासून टाकील. तुझ्याशिवाय त्याला कोण समजावणार?

नूपुर : मी? लीनासाठी टाक करायला मी यायचं?

कालिंदी : लीनासाठी नको येऊस. माझी पाठ दुखतेय, मला त्या गल्लीत एकटीला चालवणार नाही. त्यासाठी चल.

नूपुर : तुम्ही पण ना.

कालिंदी : नाही म्हणायचं असेल तर नाही म्हण. मी वाईट वाटून घेणार नाही. खरंच.

नूपुर : तिला भेटलात का तुम्ही? लीनाला?

कालिंदी : दोनदा. शांत आहे. शाळेत चित्रकला शिकवायची, ती नोकरी सोडून येतेय. इथे तिच्या ओळखीचं कुत्रंही नाही. मला विचारत होती, भाजीवाल्याशी कसं बोलायचं? मी म्हटलं, बोट दाखवायचं. मीही तेच केलं पहिलं वर्षभर.

नूपुर : मला तुम्ही 'कोतो' आणि 'दाओ' शिकवलं होतंत, किती आणि दे. म्हणालात, एवढ्यावर संसार होतो.

कालिंदी : भाजी तरी येते घरात.

सानिका : मी पण येणार. माझा बघूनच बनवणार ना ते?

कालिंदी : हो. पण ठसा घ्यायला थोडा वेळ काढून द्यावा लागेल त्याला.

सानिका : मग मी तिथेच बसते, देईपर्यंत. आजी, लीना आंटीच्यावर पण ती उलटी बाई पाहिजे? तिला तर बाळ नाही, आणि तिचे बाबा... म्हणजे माझे बाबा आहेत तिच्याकडे.

कालिंदी : हवीच. ती नसली तर देवी धावली कोणासाठी?

सानिका : आणि तिचं तोंड नीट करायला सांगू. नाक-डोळे सगळं.

कालिंदी : सांग. तूच सांग त्याला, बंगालीत. जा, चप्पल घाल, आणि वेणी घालून ये, काय अवतार झालाय.

नूपुर : साखर अजून कमीच घेता ना?

कालिंदी : अजिबात नको आता. डॉक्टरने बंद केलीय. बस तूही, उभ्याने पिऊ नकोस.

नूपुर : आई, एक विनंती आहे. मी बरोबर आले होते, हे अजेयला सांगू नका.

कालिंदी : अजेयला नाही सांगणार. लीनाला सांगेन.